उन्हाळा आहे म्हणून टायरमधली हवा कमी करू नका : लहान मोटारीच्या टायरचा दाब कसा ठरवावा

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीला मिळाला. त्यामुळे नाशिकहून निघालेल्या साध्या, लहान मोटारीही आता ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंतच्या वेगाने न थांबता तास-दोन तास धावू शकतात. शहरातल्या खड्ड्यांतून आणि सिग्नलांतून चालणाऱ्या गाडीच्या टायरना अशा सलग वेगाची सवय नसते. या मार्गावर टायर फुटून अपघात झाल्याची बातमी आली की घराघरांत आणि दुकानादुकानांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : "उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा. रस्ता तापला की हवा फुगते आणि टायर फुटतो." हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो आणि ऐकताना पटतोही, परंतु तो उलटा आहे आणि त्याने धोका वाढतो. असे का, हे समजून घ्यायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. टायरमधली हवा नेमके कोणते काम करते, एवढे नीट कळले तरी पुरते.

गाडीचे वजन पेलते कोण?

हवेचा दाब आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'पीएसआय' या मापात सांगतात. एक चौरस इंच जागेवर किती पौंड जोर पडतो, याचे हे माप आहे. काही यंत्रांवर आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत 'बार' किंवा 'किलोपास्कल' असते. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल आणि म्हणजेच साधारण १४.५ पीएसआय. लहान मोटारींच्या टायरसाठी कंपन्यांनी सांगितलेला दाब बहुधा ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो, म्हणजे साधारण २.१ ते २.५ बार.

गाडी रबरावर उभी आहे असे आपल्याला दिसते, पण तिचे बहुतांश वजन पेलते ती आत कोंडलेली हवा. उदाहरणासाठी चालक आणि एक प्रवासी धरून १००० किलोची गाडी घेऊ. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे ३०० आणि मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे २०० किलो भार येतो असे धरू. ३३ पीएसआय दाबाची हवा प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो भार उचलते, त्यामुळे पुढचा टायर रस्त्यावर अंदाजे १३० चौरस सेंटीमीटर आणि मागचा ८६ चौरस सेंटीमीटर टेकतो. चारही टायरची टेकलेली जागा एकत्र केली तरी ती ए-फोर आकाराच्या एका कागदापेक्षा कमी भरते. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सारे काही एवढ्याच जागेवर अवलंबून आहे. आता हवा २४ पीएसआयवर आली, तर तेच ३०० किलो पेलायला पुढच्या टायरला जवळपास १८० चौरस सेंटीमीटर जागा टेकवावी लागते, म्हणजेच टायर अधिक चपटा होतो. (टायरची बाजूची भिंतही थोडा भार घेते, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत, दिशा मात्र अगदी बरोबर आहे.)

योग्य आकडा कुठे सापडतो

तो दुकानदाराकडे नसतो आणि शेजाऱ्यांच्या गाडीवरूनही ठरत नाही. चालकाचा दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर, दरवाजाच्या कडेला किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असते. त्यावर टायरचा आकार, पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब आणि बहुधा कमी भार व पूर्ण भार असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. हाच आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेतही असतो.

टायरवरच आणखी एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ४४ पीएसआय किंवा ५१ पीएसआय, आणि पुष्कळ जण त्यालाच शिफारस समजतात. तो त्या टायरच्या कमाल दाबाचा आकडा आहे. एकच टायर वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो. तुमच्या गाडीचे वजन किती आणि ते पुढे-मागे कसे विभागलेले आहे, हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसते, गाडी बनवणाऱ्याला असते. म्हणून गाडीवरचा आकडा मानायचा.

टायरचा आकार बदलून घेतला असेल तर मात्र स्टिकरवरचा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. आकारानंतर छापलेला दोन अंकी आकडा, उदाहरणार्थ '१५५/८० आर १३ ७९ टी' मधला ७९, हा त्या टायरची भार पेलण्याची क्षमता सांगतो : ७९ म्हणजे ४३७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. नवा टायर केवळ दिसायला रुंद आहे म्हणून घेऊ नये. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. आणि ही क्षमता पुरेशा दाबावरच मिळते, हवा उतरली की ती क्षमताही उतरते.

हवा कमी असली की टायर तापतो कशाने?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. लोखंडाची तार एकाच जागी भराभर मागे-पुढे वाकवली, तर त्या जागी ती बोटाला चटका बसेल इतकी तापते. बाहेरून कोणी उष्णता दिलेली नसते. वाकवण्यात खर्ची पडलेली ताकदच उष्णता होऊन बाहेर पडते. टायरच्या रबराचे आणि त्यातल्या धाग्यांचे असेच होते. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो चपटा होतो, सुटला की पुन्हा गोल होतो. लहान मोटारींत सर्रास दिसणाऱ्या १६५/८० आर १४ या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाला गाडी मिनिटाला २००० मीटर जाते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग मिनिटाला हजारांहून अधिक वेळा आणि तासाला साठ हजारांहून अधिक वेळा वाकतो आणि सरळ होतो.

हवा योग्य असेल तर हे वाकणे थोडे असते, तयार झालेली उष्णता वाऱ्याने निघून जाते आणि टायरचे तापमान एका मर्यादेत स्थिर राहते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला बाजूची भिंत जास्त दुमडते आणि उष्णता जास्त तयार होते. त्यात भर उन्हात तापलेला सिमेंट काँक्रीटचा रस्ता खालून ती निघूही देत नाही. तापलेले रबर मऊ पडते आणि रबर व धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. वेग फारच वाढला तर चपटा झालेला भाग पुन्हा गोल होण्याआधीच त्याची रस्त्याला टेकण्याची वेळ येते, आणि टेकलेल्या जागेच्या मागे टायरच्या पृष्ठभागावर लाटा उठू लागतात. त्या अवस्थेत तापमान काही मिनिटांत धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. महामार्गावर फुटलेल्या अनेक टायरमागे जास्त हवा नसून कमी हवा, जास्त भार आणि सलग वेग यांची गाठ पडलेली असते. जुनाट रबर आणि आधी खड्ड्यात दुखावलेली भिंत हे त्यात भर घालतात.

अमेरिकेत याची फार मोठी किंमत मोजावी लागली. फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या गाडीसाठी २६ पीएसआय असा तुलनेने कमी दाब सांगितलेला होता. तिच्या फायरस्टोन टायरचे वरचे थर धावताना सुटून गाड्या उलटू लागल्या, आणि ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागवावे लागले. टायरच्या निर्मितीतले दोषही त्याला कारणीभूत होते. परंतु कमी दाबामुळे सुरक्षिततेला उरलेली जागा कमी झाली, हा त्या वादातला एक मुख्य मुद्दा होता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत टायरचा दाब उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ज्यांच्या गाडीत अशी यंत्रणा आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : अमेरिकी नियमानुसार दाब सांगितलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी घसरल्यावर दिवा लागणे पुरेसे असते. ३३ पीएसआय हवी असलेल्या गाडीत २५ च्या आसपास आल्यावर दिवा लागेल. दिवा लागला नाही म्हणजे हवा ठीक आहे, असा अर्थ काढता येत नाही.

"पण हवा तापल्यावर फुगते, हे तर खरेच आहे ना?"

खरेच आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. महामार्गावर तासभर चाललेल्या टायरचा दाब सकाळपेक्षा ४-५ पीएसआयने जास्त दिसणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र गाडी आणि टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणूनच स्टिकरवरचा आकडा 'थंड टायर'साठी असतो. थंड टायर म्हणजे गाडी निदान तीन तास सावलीत उभी आहे, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटरच चालली आहे, अशा वेळचा टायर. धडधाकट टायर नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट दाब सोसतो, ३३ चे ३८ झाल्याने तो फुटत नाही.

आता कोणी शिर्डीहून परतताना दुपारी थांबून ३८ दाखवणाऱ्या टायरमधली हवा सोडून ३३ केली, तर काय होईल? दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८-२९ दाखवील. पुढच्या प्रवासात तो जास्त दुमडेल, जास्त तापेल, दाब पुन्हा वाढलेला दिसेल, आणि चालकाला वाटेल की हवा अजून कमी करायला हवी. हवा कमी करण्याच्या सल्ल्यातली मेख ही अशी आहे : वाढलेल्या दाबाला भिऊन आपण ज्या कारणाने टायर तापतो तेच कारण वाढवत जातो. गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये. वाटेत गरम टायरमध्ये हवा भरावीच लागली, तर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायर मोजून ती नीट करावी.

नाशिकची थंडी आणि घाट

उन्हाळ्याची चिंता सगळे करतात. मला विचाराल तर नाशिककरांनी थंडीची जास्त करावी. मे महिन्यात दुपारी ३८ अंश तापमानाला कोणी ३३ पीएसआय हवा भरली आणि टायरमधून हवा अजिबात गळाली नाही असे मानले, तरी जानेवारीत ८ अंशांच्या पहाटे तोच टायर साधारण २८.५ दाखवील. निफाडच्या बाजूला पारा याहूनही खाली जातो. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय हवा रबरातून हळूहळू झिरपतच असते. म्हणजे पावसाळ्यानंतर हवा पाहिलीच नसेल, तर डिसेंबर-जानेवारीत गाडी कमी हवेवर धावत असण्याची शक्यता मोठी असते, आणि टायर नुसता पाहून ते कळत नाही. आजकालचे टायर २५ पीएसआयला देखील बघणाऱ्याला ठीकठाकच दिसतात.

मुंबईकडून येणाऱ्यांना एक छोटासा फरक जाणवू शकतो. गेज, म्हणजे दाब मोजण्याचे साधन, टायरमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाशी ताडून दाखवते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास १ पीएसआयने कमी आहे. त्यामुळे मुंबईत ३३ भरलेला टायर कसारा घाट चढून आल्यावर, तेवढ्याच तापमानाला, इथे ३४ च्या आसपास दाखवतो. त्यासाठी काही करण्याची गरज नाही.

"मग थोडी जास्तच ठेवली तर सुरक्षित ना?"

एक-दोन पीएसआय जास्त असल्याने बिघडत नाही, आणि माझ्या मते चूक करायचीच तर कमीकडे न करता या बाजूला करावी. पण ३३ च्या जागी ४० ठेवणे म्हणजे टायरची टेकणारी जागा घटवणे आहे. पकड कमी होते, गाडी उडते, मधली नक्षी लवकर झिजते आणि ताठ झालेला टायर खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटला की त्याच्या भिंतीतले धागे तुटण्याची भीती वाढते. पावसाळ्यानंतरचे आपल्याकडचे रस्ते आठवले तर हा धोका किती खरा आहे ते सांगायला नको. भिंतीवर फुगवटा दिसला तर तो टायर बदलावाच लागतो; त्याला दुरुस्ती नाही.

टायर आपली हवा स्वतःच्या अंगावर लिहून ठेवतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या टायरवर आडवा तळहात फिरवून पाहावा. मधल्या पट्ट्या उंच आणि दोन्ही कडा गुळगुळीत लागल्या, तर गाडी बराच काळ कमी हवेवर चालली आहे. कडा शाबूत आणि मधला भाग झिजलेला लागला, तर हवा जास्त होती. एकच कड झिजलेली असेल तर दोष हवेचा नसून बहुधा चाकांच्या अलाइनमेंटचा असतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्यानेही तो टायर चालत नाही.

पावसात

रस्त्यावर साचलेले पाणी टायरखालून पुरेसे बाहेर पडले नाही, तर टायर पाण्यावर उचलला जातो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही काही क्षण निकामी होतात. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या चाचण्यांतून असे दिसले की हे ज्या वेगाला घडते तो वेग टायरच्या दाबावर अवलंबून असतो. त्यांच्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला सुमारे ८३. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल किंवा टायर गुळगुळीत झाला असेल, तेव्हाचा हा हिशेब आहे. म्हणून ओल्या रस्त्यावर पकड मिळावी यासाठी हवा कमी करण्याचा सल्लाही मानू नये.

नायट्रोजनचे काय?

आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन तापल्यावर कोरड्या हवेइतकाच फुगतो. तो रबरातून थोडा सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढाच काय तो फायदा. ज्यांना तो सहज मिळतो त्यांनी भरावा. पण नायट्रोजन भरला आहे म्हणून महिनोन्‌महिने दाब न तपासणे हे साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासण्यापेक्षा वाईट. नायट्रोजनच्या टायरमध्ये अडीअडचणीला साधी हवा भरली तरी काहीही नुकसान होत नाही.

पाच माणसे आणि भरलेली डिक्की

सप्तशृंगी गडावर किंवा गावाकडे लग्नाला निघताना लहान गाडीत पाच जण आणि डिक्कीभर सामान, हे आपल्याकडे नेहमीचे दृश्य आहे. वाढलेल्या भारातला बराचसा वाटा मागच्या चाकांवर येतो. स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असेल तर तो प्रामुख्याने मागच्या टायरसाठी लक्षणीय जास्त असतो, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी तेवढी हवा भरणे हे प्रवासाच्या तयारीतले महत्त्वाचे काम आहे. दुकानात "साहेब, पुढंमागं सारखीच टाकू का?" असे विचारले गेले की आपण सवयीने "टाका" म्हणतो. त्याऐवजी दोन्ही आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत आणि "दादा, पुढे एवढी, मागे एवढी" असे स्पष्ट सांगावे. पंक्चर काढणाऱ्याचा हात कितीही सराईत असला तरी दिवसभरात त्याच्यापुढे वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या येतात, आणि प्रत्येकीचा आकडा त्याने लक्षात ठेवावा अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

पेट्रोलचाही थोडा हिशेब आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरचा दाब सरासरी १ पीएसआयने कमी झाला की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने घटते. ८ पीएसआय कमी हवेवर चालणारी गाडी ३० लिटरमागे जवळपास अर्धा लिटर वाया घालवते. त्यापेक्षा मोठा खर्च अकाली झिजणाऱ्या टायरचा असतो.

मोजावे कसे

स्वतःचे एक गेज घ्यावे. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते आणि ती सेवा देणे पंपांना बंधनकारक आहे. पण पंधरा मिनिटे गाडी चालवून पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि तिथल्या यंत्राची अचूकता आपल्याला पडताळता येत नाही. घरच्या गेजने सकाळी गाडी हलवण्याआधी मोजलेला आकडा कागदावर टिपून न्यावा. एखादा टायर ३ पीएसआयने कमी असेल तर पंपावरचे यंत्र काहीही दाखवो, त्या वेळी जो आकडा दिसेल त्यात ३ मिळवून भरावी.

मोजताना व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवावी, गेज सरळ आणि घट्ट दाबावे. फुसफुस आवाज येत असेल तर ते तिरके बसले आहे आणि आकडा कमी दिसेल. मोजून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून क्षणभर थांबावे. बुडबुडा फुगू लागला तर आतली पिन गळते आहे, आणि ती बदलणे हे अगदी किरकोळ काम आहे. टोपी नसेल तर नवी लावावी, कारण धूळ आत गेल्यानेच पिन नीट बसेनाशी होते. एकच टायर दर वेळी इतर तिघांपेक्षा जास्त उतरत असेल तर त्यात बारीक खिळा रुतलेला असू शकतो. ट्यूबलेस टायर अशा खिळ्यासह आठवडेच्या आठवडे चालतो आणि महामार्गावरच दगा देतो.

स्टेपनी बहुतेकांच्या विस्मरणात जाते. ती डिक्कीत सामानाखाली असते, तिच्यातलीही हवा झिरपत असते आणि गरज पडते तेव्हाच ती बसलेली सापडते. पूर्ण आकाराच्या स्टेपनीत स्टिकरवरच्या सर्वांत जास्त, म्हणजे पूर्ण भाराच्या मागच्या टायरइतकी हवा ठेवावी. पुढे लावावी लागली तर रस्त्याच्या कडेला हवा सोडणे सोपे असते, भरणे नसते. काही गाड्यांत मिळणारी बारीक, तात्पुरती स्टेपनी वेगळी असते. तिला बहुधा ६० पीएसआय लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून समृद्धीवर पुढे जाण्याऐवजी जवळच्या बाहेर पडण्याच्या मार्गाने उतरून मूळ टायर दुरुस्त करून घ्यावा.